गाळातली दाढ

इंझोरी,
३ जून २०२४

साधना बेटा,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं पहिल्या ओळीत लिहायची माझी जुनी सवय. आज ते लिहीत नाही.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन लावला असता, पण कानाचं यंत्र मोबाईलजवळ नेलं की शिट्टी मारतं. मग तुझं बोलणं सूनबाईने ऐकायचं आणि मला ओरडून सांगायचं, म्हणजे अर्ध्या इंझोरीला सांगणं झालं. हा विषय तसा नाही. एकवीस वर्षं मी या गावचं पोस्ट सांभाळलं, लिफाफ्यावर माझा अजून विश्वास आहे.

२० मे रोजी आसेगावच्या वाटेवर, पंजाबरावच्या पडीक विहिरीचा गाळ काढणं चाललं होतं. मजूर हेमला आणि त्याची माणसं खाली उतरली होती. दुपारी टोपलीतून माणसाची हाडं वर आली. मांडीचं हाड, बरगड्या, कवटीचा तुकडा, थोडे दात. मांडीच्या हाडाला जीन्सचा कपडा चिकटलेला. बाकी ओळख पटेल असं काही नाही.

धीरजला जाऊन येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील. तुला सगळं माहीत आहे, पण पोलिसांना सांगून सांगून मला आता क्रमानेच सांगता येतं. सत्तावीस वर्षांचा, वांगी आणि मेथी घेऊन मानोऱ्याच्या बाजाराला गेला, गाडी मालेगावच्या बसस्टँडवर सापडली, तो सापडला नाही. तुझी कस्तुरा आत्या विधवा होऊन माझ्या दारात परत आली तेव्हा तो तिच्या कडेवर होता. मी त्याला वाढवलं, म्हणून बोलतो: तो आता नाही. मी दुसऱ्याच वर्षी आशा सोडली. कस्तुराने सोडली नव्हती. आता तिने जुनी सोडून नवीन धरली आहे. ही हाडं धीरजचीच निघावीत म्हणून देवापुढे बसते. "एकदाचं कळू दे, मंग मी मोकळी," म्हणते. आई लेकाची हाडं मागते हे ऐकायला मी जगलो.

पण त्याच हिवाळ्यात आसेगावचा विनोदही गेला आहे, इंद्रभान आणि लिलाबाईचा मुलगा. इंद्रभान शाळेत शिपाई आहे, सरळ माणूस. विनोदचं वय तेच, उंची तीच, आणि जीन्स तर आता सगळेच घालतात. पोलिसांनी दोघी आयांचं रक्त घेतलं आणि हाडं तुमच्या प्रयोगशाळेत पाठवली. विहिरीत जो कोणी होता तो एक आहे, आया दोन आहेत.

तू तिथेच नोकरीला आहेस. लक्ष घाल.

तुझा काका,
गुलाबराव

---

नागपूर,
१२ जून २०२४

काका, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन सुप्रिया मॅडमकडे गेले. डीएनएचा विभाग त्यांच्याकडे आहे. मी विषाच्या विभागात असते, तुम्हाला मागे सांगितलं होतं. नात्यातल्या केसला हात लावायचा नाही हा आमचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मॅडमना सरळ सांगितलं, या पाकिटात माझा आतेभाऊ असू शकतो. त्या म्हणाल्या, "मग माझ्या टेबलापासून लांब राहा. चहा मात्र रोज बरोबर पिऊ."

म्हणजे चहा पिताना जे कानावर पडेल ते मी लिहीन. खरं तर तेही लिहू नये.

किती दिवस लागतील ते विचारू नका. आधीची शेकडो पाकिटं रांगेत आहेत. आणि आत्याला आशा लावू नका. "होय" आणि "नाही" याशिवाय आमच्याकडे तिसरंही एक उत्तर असतं, "सांगता येत नाही". ते बरेचदा येतं.

धीरज मला डॉक्टरीणबाई म्हणायचा, मी डॉक्टर नाही हे पक्कं माहीत असून. परवा ते पाकीट कपाटात जाताना मी लांबून पाहिलं. खाकी कागद, लाखेचा शिक्का. मला ते फार लहान वाटलं.

साधना

---

इंझोरी,
९ जुलै २०२४

साधना बेटा,

तुझं तिसरं उत्तर मी कस्तुराला सांगितलेलं नाही. तिला दोनच समजतात.

परवा ठाण्यात सह्यांसाठी पुन्हा बोलावलं होतं. दोघी आया एकाच बाकावर. अर्धा तास एकमेकींकडे पाहिलंही नाही. मग लिलाबाईनेच तोंड उघडलं.

"बाई, तुमचा पोरगा कोनत्या दिवशी गेला?"

"धनतेरसच्या दुसऱ्या दिवशी. तुमचा?"

"माहा पोरगा पुसाच्या महिन्यात गेला. थंडी लय होती. सेटर घरीच ठेवून गेला."

"माह्यानं बी काई नाई नेलं व माय."

त्यानंतर दोघी अशा बोलत बसल्या की हवालदाराने नावं पुकारली तरी उठेनात. लिलाबाईने भाकर-ठेचा आणला होता. अर्धी भाकर तिने कस्तुराला दिली आणि हिने ती खाल्ली.

पण एक गोष्ट मला खटकली. जेवण झाल्यावर लिलाबाईने हात पुढे केला, "तमाखू असन तं द्या चिमूटभर." आत्याची चंची तुला ठाऊक आहे. कंबरेला खोचलेली ती कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी, एकात सुपारी. कोणतीही बाई दारात आली की हिने आधी चंची सोडायची, हे मी जन्मभर पाहिलं. त्या दिवशी सोडली नाही. "सरली," म्हणाली. आणि परत येताना ऑटोत बसल्या बसल्या स्वतः मळून खाल्ली! भाकर घ्यायला चालते आणि तंबाखू द्यायला जात आठवते का, असं मी तिला फटकारलं. पदर ओढून बाहेर पाहत बसली. मला तिची शरम वाटली.

लिलाबाईला वाटतं हाडं विनोदची नसावीत. कस्तुराला वाटतं धीरजची असावीत. म्हणजे दोघींचं मागणं एकच आहे, आणि मला दोघींचंही ऐकवत नाही.

गुलाबराव

---

नागपूर,
२६ ऑगस्ट २०२४

काका,

पहिला प्रयत्न वाया गेला.

हाडाचा चुरा करून जो अर्क काढला तो कोऱ्या चहाच्या रंगाचा निघाला. तो पाण्यासारखा स्वच्छ असायला हवा. विहिरीच्या तळाशी पाला, शेवाळ, शेण वर्षानुवर्षं कुजत राहतं, त्यातून एक काळपट आम्ल तयार होतं. ते हाडात मुरतं आणि डीएनएला चिकटून बाहेर येतं. डीएनए इतका थोडा असतो की वाचण्याआधी त्याच्या लाखो प्रती काढाव्या लागतात, आणि प्रती काढणाऱ्या रसायनाला हे आम्ल काम करू देत नाही. जीन्सचा निळा रंगही तसाच आड येतो. मॅडमनी खात्री करायला ओळखीचा डीएनए त्यात मुद्दाम टाकला, तर तोही दिसेना. म्हणजे आत काहीच नाही असं नाही. असेलही. पण गाळ ते दिसू देत नाही. अर्क पातळ करून पाहिला तर घाण कमी होते आणि डीएनएही तेवढाच कमी होतो.

आता एक विचारते. हाडाच्या खाचेत पिवळा डाग मिळाला आणि एक पांढरट थर. विहिरीत असं काही नसतं. पंचनाम्यात तर "हाडे जशीच्या तशी मिळाली" असं लिहिलं आहे. पोलीस यायच्या आधी कुणी काही केलं का? मी कुणाला अडकवायला विचारत नाही. काय लावलं ते कळलं तर ते काढायचं कसं ते ठरवता येईल. काका, खरं सांगा.

दात दोनच आले आहेत. आणखी असतील तर शोधून पाठवा, असं पोलिसांना पत्र गेलं आहे. दाताच्या आत बाहेरची घाण सहसा लवकर पोचत नाही. आता भिस्त त्याच्यावर.

साधना

---

इंझोरी,
१० सप्टेंबर २०२४

साधना,

खरं विचारलंस, खरं सांगतो.

हाडं एक वाजता निघाली. पोलीस चार वाजता आले. कस्तुरा वावरातून धावत आली ती मेथीची जुडी हातात घेऊनच. मी म्हणालो, हात लावू नको. हेमलाही म्हणाला, "माय, पोलीस येईलोग राहू द्या." ती त्याच्यावर केवढ्याने ओरडली. "पोलिसाच्या हातानं सावडू काय माह्या लेकाले?"

आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात. दूध, गोमूत्र शिंपडायचं, अस्थी हळदीच्या पाण्याने धुवायच्या. तीन वर्षं राहिलेलं ते काम तिने तीन तासांत केलं. बाजूच्या वावरातल्या घरून दूध आणवलं, माझं नवं धोतर अंथरलं, एकेक हाड धुतलं, पदराने पुसलं, मांडीवर घेतलं. मी उभा राहून पाहत होतो. पोस्टात मी कुणाला सीलबंद पाकीट फोडू दिलं नाही आणि त्या दिवशी माझ्याच्याने तिचा हात धरवला नाही. पुढचा शहाणपणा मात्र माझा. पोलिसांना कळू नये म्हणून ती धुतलेली हाडं पुन्हा गाळात बुडवून ठेवा, असं मीच सुचवलं. हसायचं तर हस.

तुमचं पत्र आल्यावर हवालदार दात विचारायला आला होता. आत्या आत गेली आणि एक दाढ आणून दिली. गाळाच्या ढिगात सापडली म्हणते. पावसाने ढीग धुपला आहे, तेव्हा दिसली असेल. हवालदाराने तसंच लिहून घेतलं आणि नेली. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाली, "आता देल्ली ना."

आमच्या चुकीने काम बिघडलं असेल तर तेही स्पष्ट लिही.

गुलाबराव

---

नागपूर,
४ नोव्हेंबर २०२४

काका,

दिवाळीला आले नाही, रागावू नका. आत्याच्या समोर बसून मला गप्प राहता आलं नसतं.

तुमचं पत्र मी मॅडमना दाखवलं. वाटलं, भडकतील. त्या म्हणाल्या, "माझ्या आईनेही हेच केलं असतं." मग मला समजावून सांगितलं. दुधातला चुना म्हणजे कॅल्शियम, गोमूत्रातला युरिया, दोन्ही प्रती काढायच्या कामात खोडा घालतात. तरी त्यांनी हार मानली नाही. मांडीच्या हाडाचा वरचा थर घासून काढला. आतलं हाड गोठवून दळलं. चुना विरघळवणाऱ्या द्रावणात ते तीन दिवस ठेवलं. मग वाळूच्या जातीच्या एका बारीक चाळणीतून अर्क पुन्हा पुन्हा गाळला. डीएनए तिला धरून राहतो आणि घाण वाहून जाते. वर गायीच्या रक्तातलं एक प्रथिन घातलं, ते उरलीसुरली घाण आपल्या अंगावर घेतं. असे आठ दिवस गेले. शेवटी चहाचा रंग गेला, अर्क पाण्यासारखा झाला. ओळखीचा डीएनए टाकला तो लख्ख दिसला. म्हणजे अडथळा संपला.

मी लांब उभी होते, तरी हात जोडले.

आणि अडथळा संपल्यावर कळलं की त्याच्यामागे काहीच उरलेलं नव्हतं. थोडं गाळाने खाल्लं असेल, थोडं धुण्यात गेलं असेल. मांडीचं हाड कोरं. आधीचे दोन्ही दातही कोरे. आता फक्त ती नंतर आलेली दाढ शिल्लक आहे. तिला एक बारीक चीर आहे, पण गाळाचा काळेपणा तिच्यात फार कमी मुरला आहे. मॅडमना याचं आश्चर्य वाटतं. दाढ एकच आहे, ती पूर्ण दळावी लागेल. प्रयत्नही एकच होईल.

साधना

---

इंझोरी,
१५ नोव्हेंबर २०२४

साधना,

दळा. आम्ही आशा ठेवून नाही, मी तरी नाही. कस्तुराला सांगितलं की एकच दाढ उरली आहे. ती म्हणाली, "तेच सांगन मंग."

गुलाबराव

---

नागपूर,
१३ डिसेंबर २०२४

काका,

बसून वाचा. दाढेने उत्तर दिलं.

पुरुष की बाई हे सांगणारा भाग आला नाही, माल फारच थोडा होता. पण एक धागा असा असतो की तो आईकडून मुलाकडे जसाच्या तसा येतो, बापाची त्यात भेसळ नसते. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. तो पूर्ण वाचता आला. कस्तुरा आत्याशी अक्षर न् अक्षर जुळतो. लिलाबाईंशी जुळत नाही.

धीरजच आहे काका.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या बाहेर निघून गेल्या. रिपोर्टवर अजून सही व्हायची आहे, वरिष्ठांकडे जाईल, पंधरा दिवस तरी लागतील. तोवर कुणाला सांगायचं नाही. मी हे लिहिते तो सरळ गुन्हा आहे. पण आत्याला सांगा. तिला आणखी एक दिवसही वाट पाहायला लावू नका.

तुमची डॉक्टरीणबाई

---

इंझोरी,
२२ डिसेंबर २०२४

साधना बेटा,

तुझं पत्र मी कस्तुराला दोनदा वाचून दाखवलं. तिने चुलीवरचं उतरवलं, हात धुतले, मग धीरजचा फोटो खाली काढून पुसला आणि त्याला पहिल्यांदा हार घातला. तीन वर्षं कुणी हार म्हटलं तरी अंगावर जायची. मग माझ्या गळ्यात पडून अशी रडली की माझे कान बहिरे असून मला ऐकू आलं.

कुणाला सांगू नका म्हणालीस, पण हार घातला म्हटल्यावर शेजारणीला सांगायला काय उरलं? दोन दिवसांत आसेगावला पोचलं. लिलाबाई स्वतः आली. मला वाटलं रडेल. तिने कस्तुराला धरलं, तिच्यासाठी रडली, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोस्टमास्तर, म्हंजे माहा विनोद त्या हिरीत नोयता. जित्ता असन ना तो?" मी हो म्हणालो. काय म्हणणार! दुसऱ्याच दिवशी इंद्रभानने शाळेतून रजा घेतली आणि विनोदचे फोटो छापून चाकणला गेला. तिकडे कंपन्यांत इकडची पुष्कळ पोरं आहेत. लिलाबाईने विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या, खीर वाटली. आमच्याकडेही वाटी पाठवली. एकाच बातमीने एका घरी हार आणि दुसऱ्या घरी खीर, असं मी या जन्मात पाहिलं नव्हतं.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ऐकून तुला बरं वाटेल. काल कस्तुरा आपण होऊन बोलली. ती दाढ गाळात सापडलेली नव्हतीच. हाडं धुतली त्या दिवशीच तिने ती उचलून चंचीत ठेवली होती. "सारंच पोलिसाहीनं नेलं असतं तं माह्याजवळ काय राह्यलं असतं?" म्हणाली. मेपासून सप्टेंबरपर्यंत, साडेतीन महिने, तंबाखूच्या कप्प्यात. दिवसातून वीस वेळा चंची उघडायची, तंबाखू काढायची, आणि बोटांनी ती दाढ चाचपून पाहायची, आहे की नाही. झोपताना मुठीत धरायची. तुमचं पत्र आलं तेव्हा पोट कापून दिल्यासारखी तिने ती दिली. ठाण्यात लिलाबाईला तंबाखू का नाही दिली तेही आता कळलं. मी उगाच तिच्यावर जातीचा आळ घेतला. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुले काय माहीत होतं."

बघ, आईजवळ होती म्हणूनच ती दाढ टिकली आणि बोलली. तुमच्या सगळ्या चाळण्यांना जे जमलं नाही ते तिच्या चंचीने केलं.

रिपोर्ट आला की हाडं ताब्यात मिळतील. दहाव्याची तयारी मी हळूहळू करतो आहे. सुप्रिया मॅडमना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी मेथी पाठवतो.

गुलाबराव

---

नागपूर,
३० डिसेंबर २०२४

काका,

तुमचं पत्र पर्समध्ये ठेवून मी तीन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

आत्या तंबाखू मळते, बोटाने तोंडात ठेवते, तीच बोटं पुन्हा चंचीत जातात. बोटांवर थुंकी असते. थुंकीत आत्याचा डीएनए असतो, ताजा, भरपूर. साडेतीन महिने, दिवसातून वीस वेळा. दाढेला चीर होती. वरून आम्ही साफ केली, पण चिरेतून आत काय गेलं ते साफ करता येत नाही. आणि तुम्हाला मी ज्या धाग्याचं लिहिलं, तो आईचा आणि मुलाचा एकच असतो. आम्हाला जो मिळाला तो धीरजचा होता की आत्याचा स्वतःचा, हे जगात कुणीही सांगू शकणार नाही. पुरुषाची खूण मिळाली नाही तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माल कमी आहे म्हणून नाही आली, असं आम्ही समजलो. मला तसं समजायचं होतं.

दाढ विनोदची असती तरी उत्तर हेच आलं असतं.

मी पत्र फाडू शकले असते. खरंच सांगते, शेगडीजवळ उभी राहिले होते. आत्याला हाडं मिळाली असती, दहावा झाला असता, कुणाला कधी कळलं नसतं. पण मग डोळ्यांसमोर चाकणमध्ये फोटो चिकटवणारा इंद्रभान आला. कदाचित त्याच्या मुलाची हाडं आपण आपल्या म्हणून घेऊन जाऊ आणि तो जन्मभर भिंतींवर फोटो लावत फिरेल. ते माझ्याच्याने झालं नाही. मला माफ करा, किंवा करू नका.

रिपोर्ट बदलला. "निश्चित मत देता येत नाही." आता पुन्हा तपासायला काही उरलेलं नाही. दाढ पूर्ण दळली गेली, तिचा कणही शिल्लक नाही. मी बाहेर माहिती दिली म्हणून मला नोटीस मिळाली आहे, ती मिळायलाच हवी होती.

आत्याची चूक नाही. ज्याच्यावर जीव असतो ते माणूस हातात धरतं. आमच्या कामात नेमकं तेच चालत नाही.

दोन्ही घरी तुम्हालाच सांगावं लागेल.

साधना

---

इंझोरी,
१९ जानेवारी २०२५

साधना बेटा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर फार चिडलो. तीन दिवस पर्समध्ये ठेवलंस तर कायमचं ठेवायला काय झालं होतं, असं उत्तर लिहून ठेवलं होतं. टाकलं नाही. तू केलंस ते बरोबर आहे. बरोबर असून त्याचा मला काही उपयोग नाही, एवढंच. चुकलं कुणाचं म्हणशील तर माझं. विहिरीवरही मी उभा राहून पाहिलं आणि नंतर तुझी गुप्त बातमी गावभर होऊ दिली.

आधी आसेगावला गेलो. लिलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. इंद्रभान अजून चाकणलाच आहे, रजा वाढवून घेतली म्हणते. मी सगळं सांगितलं, तुझ्या पत्रात होतं तसं, जमेल तेवढं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पोस्टमास्तर, तुमीच आनून देल्लं अन् तुमीच वापस न्यून राह्यले. वाटलेलं टपाल कोनी वापस नेते काय?" मी इंद्रभानला फोन करायचा का, म्हणून विचारलं. "कायले?" म्हणाली. "तो हिंडून राह्यला तं हिंडू द्या. घरी येऊन काय करन?" निघताना तिने पाणी दिलं. शेंगा पुन्हा सोलायला घेतल्या नाहीत.

कस्तुराला सांगायला मला आणखी चार दिवस लागले. धागा, थुंकी, चीर, सगळं समजावलं. मला वाटलं तिला कळणार नाही. तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे त्या मशीनीत धीरज नाई निंगाला," ती म्हणाली. "मीच निंगाली."

मी म्हणालो, तसं नक्की नाही. धीरजही असू शकतो.

"पन मी तं हारपलीच नोयती, दादा. मले कायले शोधलं त्याहीनं?"

फोटोचा हार तिने काढला. पुन्हा घालावा का, म्हणून दुसऱ्या दिवशी मला विचारलं. हार खुंटीवर आहे, वाळून गेला.

मग तिनेच एक मार्ग काढला. दोघी आयांनी मिळून हाडं मागायची, दोघींनी मिळून निरोप द्यायचा, ज्याचा असेल त्याला पोचेल. लिलाबाई कशीबशी तयार झाली. ठाण्यात गेलो. साहेब भला माणूस आहे, खुर्ची दिली, आणि म्हणाला की बेवारस हाडांचा ताबा ओळख पटल्याशिवाय कुणालाच देता येत नाही, एकीला नाही तसा दोघींनाही नाही. मुदत संपली की सरकारी रीतीने विल्हेवाट लागेल. दोघी त्याच बाकावर बसल्या होत्या. या वेळी कस्तुराने चंची सोडून लिलाबाईपुढे धरली. लिलाबाईने नको म्हटलं.

घरी आल्यावर तिने चंची रिकामी केली, उलटी करून धुतली, उन्हात वाळवली. तेव्हापासून तंबाखू बंद आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासूनची सवय, हात कंबरेकडे जातो आणि परत येतो. काल मला म्हणाली, "साधनाले लिही. काम झालं आसन तं माही दाढ तेवढी वापस पाठव म्हना. धीरजची असो का कोनाची. आता मी हात नाई लावत, नुसती ठेवतो." दाढ आली की तीत ठेवायची म्हणून ती धुतलेली चंची देवाजवळ ठेवली आहे.

दाढ दळली गेली हे मी तिला सांगितलेलं नाही. तू इकडे आलीस तर तूही सांगू नकोस. पत्र लिहितो म्हणालो आहे, ते हे लिहिलं. आता ती रोज विचारेल.

तुझा काका,
गुलाबराव